कमालभाईंचा सोलमधला रविवार

कमाल परकार आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे दाभोळचे, वय त्रेसष्ट. बहारीनमध्ये, जिदहफ्सच्या बाजारामागे आमची तीन मजली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर ते, त्यांची बायको रुकय्या आणि मुलगा अम्मार. तिसऱ्यावर मी आणि माझी बायको सुनीता. ऑफिसची पत्रं सोडली तर मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. पण गेल्या मार्चमधल्या एका रविवारी जे झालं त्यात माझाही हात आहे, असं मला सारखं वाटतं. म्हणून लिहितो आहे.

कमालभाई एसीचे डक्ट बनवत. छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे जातात आणि त्यांतून थंड हवा खोल्याखोल्यांत पोचते, ते. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये ते पत्रा कापत, वाकवत, सांधत. त्यांच्या हातचा सांधा कधी गळला नाही. अजूनही ते कुठेही गेले की आधी छताकडे बघतात. अम्मारच्या साखरपुड्यात व्याही बोलत होते आणि हे मान वर करून उभे. रुकय्याने कोपर मारलं तेव्हा म्हणाले, "अगो, सांधा बघ कसा मारलाय. पाणी टपकणार बिर्याणीत."

मी त्याच कंपनीत ऑफिसात होतो. माझ्या टेबलामागे एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्यात एकशे चाळीस कामगारांचे पासपोर्ट असत. माणूस गावाहून परत आला की कामाच्या पहिल्या दिवशी पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवायचा, सोबत आंबावडी नाहीतर काजूची पुडी. मग तो पासपोर्ट थेट पुढच्या सुट्टीपर्यंत कपाटात. सुट्टीवर जाताना कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं बघणारा माणूस, मुहर्रकच्या विमानतळावर ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. मधल्या दोन वर्षांत खिशात फक्त सीपीआर, म्हणजे इथलं ओळखपत्र. असं ठेवून घेणं नियमात बसत नव्हतं, हे मला माहीत होतं. आम्ही "सुरक्षित राहतात" म्हणायचो. पुढे एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांचे पासपोर्ट परत करायला सांगितले, तर कमालभाईच मला म्हणाले, "साहेब, तुमच्याकडेच राहू दे. खोलीत आठ माणसं, हरवेल." मी लगेच ठेवून घेतला. माझा स्वतःचा पासपोर्ट मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या घरी असे. हे मी तेव्हा कधी मनात तोलून पाहिलं नाही.

सव्वीस वर्षं असं चाललं. मग मी निवृत्त झालो, आणि चार वर्षांनी तेही.

त्यांची मुलगी फिजा न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला नर्स आहे. तिचं बाळंतपण अवघड निघालं. सोमवारी दुपारी एकला सिझेरियन करायचं ठरलं. नवरा जहाजावर इंजिनियर, तो पॅसिफिकच्या मध्यावर कुठेतरी. रुकय्याचा व्हिसा वेळेत आला नाही, कमालभाईंचा आला. फिजा फोनवर रडत म्हणाली होती, "अब्बा, मला आत न्यायच्या आधी तुम्ही दिसले पाहिजेत." तिला दोन वर्षांपूर्वी पहिलं मूल पोटातच गमवावं लागलं होतं. त्यामुळे कमालभाईंनी जायचं, हे लगेच ठरलं. अम्मारने मिळेल ते तिकीट काढलं: बहारीनहून दुबई, दुबईहून कोरियातलं सोल, तिथे अकरा तास थांबायचं, मग ऑकलंड. सोलहून विमान संध्याकाळी सातला. ते चुकलं तर पुढचं दोन दिवसांनी.

"अब्बा, अकरा तास एअरपोर्टवर बसून काय करणार? शहर बघून या," अम्मार म्हणाला. न्यूझीलंडचा व्हिसा असल्यामुळे बाहेर सोडतील, याची त्याने चौकशी केली होती. आपलं क्रेडिट कार्ड दिलं, गाड्यांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. फोनला कोरियाचं सिम मात्र घेतलं नाही. एका दिवसासाठी कशाला, जिथे वायफाय असेल तिथून बोलतील, असं ठरलं. मला हे सगळंच धोक्याचं वाटत होतं. पण मला बहुतेक गोष्टी धोक्याच्या वाटतात, म्हणून मी गप्प राहिलो.

रविवारी पहाटे पाचला माझा फोन वाजला. तिथे अकरा वाजले होते. व्हिडिओवर आधी एक लांबच लांब छत दिसलं.

"साहेब, बघा. स्टेशन हाय हे. सांधा दिसतो का कुठं? मना तर सापडत नाय."

"कमालभाई, तुम्ही दिसत नाही. फोन खाली करा."

ते दिसले, आणि मी अंथरुणात उठून बसलो. अंगात गुडघ्याखाली येणारा निळा रेशमी झगा, छातीवर बांधलेली नाडी, डोक्यावर काळी जाळीदार टोपी, हनुवटीखाली मण्यांची माळ. खाली पांढरी दाढी.

"हे काय?"

"फिजाची फर्माईश. ते कोरियन सिरियल बघते ना रात्रंदिवस. म्हणाली, अब्बा, राजवाड्यासमोर हा ड्रेस घालून फोटो पाठवा, मी हसेन तरी. भाड्यानं मिळतो. वर राजवाड्याचं तिकीटपण माफ!"

सुनीता माझ्या खांद्यावरून डोकावली. "भाईजान, नवरदेव दिसताय. रुकय्याला कळवू का?"

"भाभी, तिला आधीच पाठवला. म्हणते, दाढी काढा, भूत दिसता."

मग त्यांनी फोन फिरवून आम्हाला शहर दाखवलं. जवळच्याच राजवाड्याच्या दारात ढोल वाजत होते, लाल-निळ्या पोशाखातले पहारेकरी रांगेने चालत होते. राजवाड्यामागे सरळ डोंगर, आणि समोर काचेच्या उंच इमारती. त्यांच्यासारखे झगे घातलेल्या मुलींचे थवेच्या थवे, आणि गल्लीगल्लीत झगे भाड्याने देणारी दुकानं. "साहेब, आज रविवार, कामाचा दिवस, आणि ही सगळी पोरं हुंदडतात कशी?" बहारीनमधली चौतीस वर्षं शुक्रवारच्या सुट्टीत गेलेला माणूस. मी सांगितलं, बाकीच्या जगात रविवारी सुट्टी असते. "असं होय," म्हणाले, आणि वायफाय गेलं.

मला पुन्हा झोप आली नाही. तरी मी स्वतःला समजावलं, की माणूस मजेत आहे.

नऊला वीस कमी असताना पुन्हा फोन आला. तिथे पावणेतीन होत आले होते. आता अंगात आपला नेहमीचा शर्ट, मागे भिंतीवर हलालची पाटी. मशिदीजवळच्या एका हॉटेलात बसले होते. मधल्या वेळात ते शहराच्या पोटातून वाहणाऱ्या एका ओढ्याच्या काठाने दीड तास चालले, पाण्यात पाय सोडून बसले, मग मेट्रोने मशिदीत जाऊन जोहरची, म्हणजे दुपारची नमाज पढले. आता भात आणि कोंबडी आली होती. खूश होते.

"पाणी एवढं साफ, साहेब, की तळाचे गोटे मोजा."

"आता निघा पण. साडेचारच्या आत शहर सोडायचं, असं अम्मारने लिहून दिलंय ना? कागद आहे का?"

"हाय हाय. वरच्या खिशात."

"बोर्डिंग पास?"

"तोपण."

"पासपोर्ट?"

"तो त्यांच्याकडं हाय."

मी विचारलं, "कोणाकडे?"

"ड्रेसवाल्या बाईकडं. ड्रेस देताना मागितला, ठेवून घेतला. अमानत म्हणून."

"पण ड्रेस तुम्ही परत केलात ना?"

"केला की. शर्ट घेतला, पँट घेतली, निघालो."

"मग पासपोर्ट?"

कमालभाईंनी घास तोंडात घातला. त्यांना माझ्या प्रश्नातलं काहीच खटकलं नव्हतं. "देतील ना साहेब. जायच्या टायमाला."

"कोण देणार, कमालभाई?"

ते चावता चावता थांबले. मला ते स्पष्ट दिसलं. त्यांचा हात नकळत मागच्या खिशाकडे गेला. तिथे पाकीट होतं, पाकिटात सीपीआर, आणि तेवढ्यावर त्यांचा जीव सकाळपासून निर्धास्त होता.

"साहेब," ते अगदी हळू म्हणाले, "इथं मंदूब नाय."

मी दुकानाचं नाव विचारलं. त्यांना कोरियन अक्षरं कुठून येणार! पावती? "बाईनं दिली असंल, मी नाय घेतली." राजवाड्याजवळची गल्ली, एवढंच. आणि त्या गल्ल्यांत असली दुकानं रांगेने आहेत, हे मी पहाटे त्यांच्याच फोनवर पाहिलं होतं.

"मी जातो परत. शोधतो. अम्मारला नका सांगू, साहेब. तो आईला सांगंल, ती फिजाला सांगंल, आणि पोरीचं तिथं ब्लडप्रेशर..."

"अहो, पण..."

"तुम्हाला कसम हाय." ताट तसंच टाकून ते उठले. दाराबाहेर पडले आणि चित्र गोठलं.

सुनीता समोर चहा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "कर फोन अम्मारला."

"कमालभाईंनी शपथ घातली."

"मग बस शपथ पोटाशी धरून. तिकडे ती मुलगी वाट बघत आत जाईल."

मी दहा मिनिटं बसलो. खरं सांगायचं तर शपथेपेक्षा मला अम्मारची भीती वाटत होती. तो बँकेत मोठ्या जागेवर आहे, इंग्रजीत विचार करतो, आणि त्याच्यासमोर मला आपण अजून ऑफिसातले कारकून आहोत असं वाटतं. पण घड्याळ माझ्यासाठी थांबत नव्हतं. शेवटी मी फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला.

"अंकल, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

मी सांगितलं. जसं सुचलं तसं, मागचं पुढे करून. पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

"पासपोर्ट दिला आणि निघून आले? कोण करतं असं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सॉरी अंकल, पण खरं सांगतो. सव्वीस वर्षं तुम्ही त्यांना तो हातात ठेवू दिला नाही. आता त्यांच्या लक्षात कसा राहील?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याची अपेक्षा मी वाद घालेन अशी असावी. मग एकदम म्हणाला, "पेमेंट माझ्या कार्डावर झालं असेल. थांबा, मेसेज बघतो." मेसेजात दुकानाचं नाव निघालं. त्याने ते नेटवर शोधलं, फोन लावला, आणि वीस मिनिटांनी मला परत फोन केला. तिथे साडेतीन वाजून गेले होते.

"पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. काउंटरवरची मुलगी बदलली आणि दुसरीच्या लक्षात आलं नाही. आता ऐका अंकल. ती बाई म्हणते, त्यांच्याकडे बाइकवरून पार्सल नेणारे असतात, आत्ता दिला तर पाच वाजता एअरपोर्टच्या काउंटरवर पोचेल. पाठवा म्हणू?"

"कमालभाईंशी बोललास?"

"त्यांचा फोन लागत नाही. तोच प्रॉब्लेम आहे. ते दुकान शोधत असतील, तर पासपोर्ट तिथेच हवा. शोधून कंटाळून एअरपोर्टला गेले असतील, तर तिथे हवा. मला नाही सांगता येत. मी त्यांना घरी पाहिलंय. तुम्ही त्यांना कामावर पाहिलंय. कुठे जातील ते?"

असा प्रश्न मला कोणी विचारू नये, असं मला आयुष्यभर वाटत आलं आहे. माझ्या उत्तरावर काही अवलंबून असलं की मी "साहेबांना विचारून सांगतो" म्हणायचो. इथे साहेब नव्हते.

मी डोळे मिटले. सुट्टी जवळ आली की कामगार माझ्या टेबलासमोर येऊन बसत. कोणी मॅनेजरकडे जायचं, कोणी मंदूबच्या मागे फिरायचं. कमालभाई कुठेही जात नसत. ज्याच्या हातात दिला त्याच्याच समोर येऊन बसायचे. मी जेवायला गेलो तरी तिथेच. एकदा मी आजारी पडून तीन दिवस आलो नाही, तर ते तीन दिवस शिफ्ट संपली की माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर अर्धा तास बसून गेले होते.

"नको पाठवायला सांगू," मी म्हटलं. "ते तिथेच येतील."

"नक्की?"

"नाही," मी म्हटलं. "पण तिथेच येतील."

अम्मारने हुंकार दिला आणि फोन ठेवला.

त्यानंतरचा पाऊण तास मी लिहू शकत नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. तिथे चार वाजले, सव्वाचार वाजले. मी दोन घड्याळं बघत होतो, भिंतीवरचं आणि मनातलं सहा तास पुढचं. पासपोर्ट पाठवला असता तर बाइकवाल्याने एव्हाना अर्धा रस्ता कापला असता. मधेच रुकय्या वर आली, वाटीत खीर घेऊन. "उद्याच्या नावानं केली. त्यांचा फोन आला का हो तुम्हाला? मना सकाळपासून नाय." सुनीताने माझ्याकडे पाहिलंही नाही. "शहर बघतायत मस्त," म्हणाली. रुकय्या गेल्यावर मी ती खीर तशीच झाकून ठेवली.

साडेदहाला पाच कमी असताना अम्मारचा फोन आला. "मिळाला. निघाले. टॅक्सीत बसवलं त्या बाईने."

मी "बरं" एवढंच म्हटलं. सुनीता म्हणते, मी खुर्चीत बसलो होतो तो तसाच दहा मिनिटं हात जोडून बसलो.

पण धाकधूक संपली नव्हती. तिथे साडेचार होत आले होते. टॅक्सी, मग ट्रेन, मग विमानतळावरच्या रांगा. साडेबाराला, म्हणजे तिथे साडेसहाला, त्यांचा स्वतःचा फोन आला. गेटवर उभे होते, माणसं आत सोडायला सुरुवात झाली होती. शर्ट घामाने ओला.

"कसं सापडलं दुकान?" मी विचारलं.

"पहिल्यांदा चार दुकानांत घुसलो. सगळीकडं तेच झगे, त्याच पोरी, नाय नाय म्हणून मान हलवतात. मग मनाशी म्हटलं, कमाल, गळती कशी शोधतोस? मशीनपासून सुरू कर. परत राजवाड्याच्या दारात गेलो, आणि सकाळी कुठून कुठं वळलो ते एकेक वळण घेत आलो. टाइम लागला. आत गेलो तर बाई नाव घेऊनच उठली. परकार, परकार! मी घाबरलो. म्हटलं, हिला कोणी सांगितलं?"

त्यांनी फोन तोंडाजवळ आणला.

"तुम्ही सांगितलंत ना अम्मारला?"

"सांगितलं. तुमची शपथ मोडली."

"त्याचा फोन झाला आत्ता. लय बोलला मना." ते हसले नाहीत, रागावलेही दिसले नाहीत. "साहेब, रांग हलली. ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, ऑकलंडला दुपारचे चार वाजले असताना, त्यांचा फोन आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसले होते. विमानतळावरून फिजाच्या मैत्रिणीने सरळ तिथे आणलं होतं. ते पोचले तेव्हा तिला आत न्यायला सात मिनिटं होती.

"काय म्हणाली?"

"काय म्हणायचं? हात धरला. म्हणाली, अब्बा, टोपी वाकडी होती फोटोत. नर्सला दाखवला फोटो. दोघी हसल्या. मग नेली आत." त्यांनी डोळे पुसले. "मुलगी झाली, साहेब. दोघी बऱ्या हायत."

सुनीता धावत खाली रुकय्याकडे गेली. मला तेवढ्यात बोलून घ्यायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरलो.

"कमालभाई, ते कपाटाचं... मी तुमचा पासपोर्ट ठेवून घ्यायला नको होता. तुम्ही म्हणालात तरी."

"आता काय त्याचं," ते म्हणाले. मग पुढे, "एक सांगू? ती कोरियाची बाई. पाच तास ठेवला तिनं माझा पासपोर्ट, तर दहा वेळा वाकून माफी मागितली, टॅक्सीचे पैसेपण स्वतः दिले. तुम्ही सव्वीस वर्षं ठेवलात, कधी चहा नाय पाजलात."

ते खरंच होतं. माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला मी कधी चहा विचारला नव्हता.

"आल्यावर या वर," मी म्हटलं.

"येतो ना. पण तीन महिने तरी नाय येत." आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. ते घाईने उठले आणि फोन तसाच हातात चालू ठेवून चालू लागले. कॉरिडॉरची फरशी, कोणाचे तरी पांढरे बूट, मग एक दार. दारापलीकडून फिजाचा बारीक आवाज आला, "अब्बा, हिला घ्या ना," आणि कमालभाईंनी दोन्ही हात मोकळे करायला फोन कुठेतरी उपडा ठेवला.